आखाजीची सुट्टी आणि पोरांसोबत करायचे सकाळचे नाश्ते

तापीकाठ (जळगाव)

यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही नणंदा राहायला येतायत. त्यांची चार आणि माझी दोन, अशी सहा पोरं घरात असतील. धाकटं तीन वर्षांचं, थोरली तेरा वर्षांची. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या घरात गेला की दहानंतर पोरांना ओट्यावरसुद्धा सोडता येत नाही आणि आपल्यालाही गॅसपाशी उभं राहवत नाही. सुट्टीचा खरा वेळ काय तो सकाळी सहा ते साडेनऊ. म्हणून मी ठरवलंय की सकाळचा नाश्ता हाच पोरांचा मोठा कार्यक्रम करायचा. त्यांनीच करायचा, त्यांनीच वाढायचा.

तयार पिठांची पाकिटं, वर चॉकलेट ओतलेले मैद्याचे घावन, हे मला नको आहे. ते एरवी खातातच. मामाच्या घरी आलेल्या पोरांना मामाच्या गावचं खायला मिळावं. शिवाय आपल्या पदार्थांत हाताला जेवढं काम आहे तेवढं पाकिटात कुठून असणार? वळायचं, थापायचं, कुस्करायचं, चुरायचं. आपणच ते पोरांच्या हातात जाऊ देत नाही. सांडतील, वेळ जाईल, ओटा बरबटेल, म्हणून त्यांना पुढच्या खोलीत मोबाइल देऊन बसवतो.

माझं एक ठाम मत आहे. पोरांना नुसती मदत करायला लावू नये, एक काम पुरतं त्यांच्यावर सोपवावं. "जरा हे हलव, आता ते दे" असं केलं की दोन मिनिटांत कंटाळतात. "बट्ट्या वळायच्या तुझ्याकडे" म्हटलं की पीठ संपेपर्यंत जागचं हलत नाहीत, आणि ताटात बट्टी आली की "ही मी वळलेली" म्हणून बरोबर ओळखतात.

पहिल्या सकाळी वरण-बट्टी ठरली आहे. नाश्त्याला जड वाटेल, पण नऊला पोटभर बट्टी खाल्ली की दुपारचं ताक-भातावर भागतं. गहू जाडसर दळून आणायचे, दळतानाच त्यात थोडा मका टाकायचा. चार वाट्या पिठाला अर्धी वाटी तेलाचं मोहन, ओवा, जिरं, हळद, मीठ, चिमूटभर सोडा. कोमट पाण्यानं घट्ट मळायचं. हे सगळं आदल्या संध्याकाळी. मोठी दोघं मळतील, मधली वळतील. मुठीत मावेल एवढा गोळा घ्यायचा आणि मधोमध अंगठ्यानं खळगा पाडायचा, म्हणजे आतपर्यंत वाफ पोचते. तेल लावलेल्या चाळणीत २०–२५ मिनिटं वाफवायच्या, सुरी कोरडी निघाली की झाल्या. या उन्हाळ्यात रात्री बाहेर ठेवू नका, गार झाल्या की फ्रिजमध्ये. सकाळी फक्त फोडी करून तळायच्या आणि कुकरला तुरीचं वरण लावायचं. तळणं माझ्याकडे, तेलाजवळ कोणी नाही. मोठ्यांना वरण, लिंबू, तूप. धाकट्यांना गरम बट्टी परातीत चुरून वर साजूक तूप आणि किसलेला गूळ.

आता तुम्ही सांगा. गोडाचं सोपं काय करता येईल? तीन वर्षांच्या पोराला काय काम द्यावं? आणि खुद्द आखाजीच्या सकाळी काय करायचं? त्या दिवशी नैवेद्याची घाई असते आणि पोरं तर भुकेनं मागं मागं फिरतात.

---

केळीचा घड (रावेर)

ताई, गोडाचं विचारलंत तर आमच्याकडे एकच उत्तर: केळी घालून गुलगुले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांना अभिमान वाटला. पण घरात डाग पडलेली केळी दिसली की अजूनही ती गुरांपुढे जातात. गुलगुल्यांना तीच हवीत. साल काळी पडत चाललेली, आत गर मऊ आणि मधासारखा गोड.

एक वाटी गूळ एक वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. गाळाच, गुळात खडा असतोच. दोन मोठी केळी परातीत कुस्करायची. हे काम तुमच्या तीन वर्षांच्या धाकट्याचं. चमचा देऊ नका, मूठ वळून दाबू द्या. बोटांच्या फटींतून गर वर येतो, ते बघून पोरं खिदळतात आणि तेवढ्यात केळं मऊसूत होतं. मग गुळाचं पाणी, दोन वाट्या कणीक, चिमूटभर मीठ, बडीशेप, वेलची. भज्यांच्या पिठाइतपत सरबरीत ठेवायचं. केळी किती पिकली त्यावर पाणी कमी-जास्त लागतं, म्हणून गुळाचं पाणी एकदम ओतू नका. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवायचं.

खरे गुलगुले तळूनच. पण पोरांना करायचे असतील तर आप्पेपात्र घ्या. खळग्यात अर्धा चमचा तूप, त्यात पीठ, मंद आचेवर झाकण. गुळामुळे लवकर लाल होतं आणि आत कच्चं राहतं, म्हणून आच वाढवायची नाही. उलटायचं काम दहा-बारा वर्षांच्या पोरांना जमतं, शेजारी उभं राहिलं म्हणजे झालं.

---

पांझराकाठ (धुळे)

पोरांसोबत मी स्वतः स्वयंपाकघरात असतो, रविवारी बायकोला सुट्टी. ताईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. काम सोपवलं की पोरं जबाबदारीनं वागतात.

माझं मत फुनके-कढीला. तळण नाही, भांडी कमी. तूरडाळ एक वाटी, हरभऱ्याची डाळ अर्धी वाटी, रात्री भिजत घालायची. सकाळी पाणी पूर्ण निथळून जाडंभरडं वाटायचं, वाटताना पाणी घालायचं नाही. यात कसूर केली तर फुनका वळला जात नाही. लसूण, हिरवी मिरची, जिरं डाळीबरोबरच वाटायचं. नंतर बारीक कांदा, भरपूर कोथिंबीर, मीठ. मुठीत दाबून लांबट आकार द्यायचा, चाळणीत १५–२० मिनिटं वाफवायचा.

पोरांच्या मुठीचे फुनके छोटे होतात आणि त्यांच्यावर चारी बोटांचे ठसे उमटतात. वाफवल्यावर ते ठसे तसेच राहतात. माझी दोघं ठशांवरून आपापले फुनके वाटून घेतात. खाताना कुस्करून वर शेंगदाण्याचं कच्चं तेल, सोबत पातळ कढी. कच्च्या तेलात कंजुषी करायची नाही, त्याशिवाय फुनके घशाखाली उतरत नाहीत.

---

गोमाईकाठ (शहादा)

पांझराकाठ दादा, फुनक्यात मिरची वाटून घातली तर लहानांनी काय खायचं? आमचं चार वर्षांचं तिखटाला हात लावत नाही.

---

पांझराकाठ (धुळे)

आधी डाळ नुसत्या लसूण-जिऱ्यावर वाटा. लहानांच्या वाट्याची बाजूला काढा आणि उरलेल्यात मिरचीचा ठेचा मिसळा. लहानांचे गोल, मोठ्यांचे लांबट, म्हणजे ताटात घोळ होत नाही.

---

बोरीकाठची लेक (माहेर अमळनेर)

धागा बघून राहवलं नाही. तुम्ही सगळे नाश्त्याचं बोलताय आणि उन्हाळ्यातला आपला सगळ्यात मोठा नाश्ता कोणी काढलाच नाही. बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) घाटा!

माहेरी बिबडे घालायचे त्या दिवशी पहाटेच चूल पेटायची. भिजवून आंबवलेल्या ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात रटरटायचा, त्यात लसूण, मिरची, तीळ, जिरं. गच्चीवर बायका ओल्या कापडावर बिबडे थापत असायच्या आणि आम्ही पोरं वाट्या घेऊन रांगेत. आजी प्रत्येकाच्या वाटीत घाटा घालायची, मधोमध खळगा करून त्यात कच्चं तेल ओतायची आणि म्हणायची, "घाटा खाई ले, मंग खेयाले जाय." आंबट, तिखट, जीभ पोळणारा. तसा नाश्ता मला पुढं कुठल्या हॉटेलात मिळाला नाही.

आता ज्वारी आंबवून, वाटून एवढा घाट प्रत्येकाला जमत नाही, म्हणून मी पोरांसोबत छोटा प्रकार करते. एक वाटी ज्वारीची भरड आणि एक वाटी आंबट ताक रात्री कालवून झाकून ठेवायचं. सकाळी तीन वाट्या पाण्याला मीठ, ठेचलेला लसूण, मिरची, जिरं, चमचाभर तीळ घालून उकळी आणायची. त्यात भिजलेली भरड हळूहळू सोडायची. सोडणारा एक आणि ढवळणारा दुसरा, एकट्यानं केलं की गाठी होतात. ढवळणारा मोठाच हवा, कारण घाटा फुटफुटून अंगावर उडतो. मग मंद आचेवर झाकून दहा-बारा मिनिटं.

नाश्ता झाला की पातेल्यात थोडा घाटा मुद्दाम उरवायचा. प्लास्टिकच्या कागदाला तेलाचा हात लावून पोरांना गच्चीवर बसवायचं, पण साडेआठच्या आत. प्रत्येकानं आपली बिबडी थापायची. पाण्यात बोटं बुडवायची आणि मधून कडेकडे सरकवायचं. गोलच पाहिजे असा आग्रह धरू नका. आमच्याकडे एकीनं मासा केला होता, एकानं स्वतःच्या नावाचं अक्षर. आपल्या उन्हात पातळ थापलेल्या संध्याकाळपर्यंत सुटून येतात. दुसऱ्या दिवशी उलटून पुन्हा ऊन द्यायचं, मग भाजायच्या. पोरं जाताना आपली बिबडी डब्यात घालून घरी नेतात.

---

तापीकाठ (जळगाव)

ताई, अक्षराची बिबडी! हे नक्की करणार. आमच्या सासूबाई दरवर्षी बिबडे घालतात, यंदा पोरं येईपर्यंत थांबा म्हणून सांगते. मग खरा घाटाच मिळेल.

---

गोमाईकाठ (शहादा)

आमच्याकडे कुरडयांच्या दिवशी गव्हाचा चीक असतो, गरम चीक आणि वर दूध-साखर. तिखट न खाणाऱ्या पोरांना तो चालतो. आणि पापडाच्या लाट्या कच्च्या तेलात बुडवून, त्या तर मोठेही लपून खातात. पण उडदाचं कच्चं पीठ आहे, लहानांना एखादी लाटी पुरे, जास्त झाली की पोट दुखतं.

---

वाघूर (भुसावळ)

आखाजीच्या सकाळबद्दल लिहितो. मला वाटतं त्या दिवशी पोरांना वेगळा नाश्ता करत बसूच नये. पहाटे आमरस करून फ्रिजमध्ये ठेवा, सोबत कणकेची धिरडी. दहा मिनिटांत सगळी पोरं जेवल्यासारखी तृप्त. नैवेद्याला काय, दोन आंबे वेगळे काढले की झालं.

---

बोरीकाठची लेक (माहेर अमळनेर)

दादा, आमच्याकडे हे चालायचं नाही. घागर भरल्याशिवाय, पितरांना दाखवल्याशिवाय वर्षाचा पहिला आंबा कोणी तोंडात घालत नाही. माझी आई अजून पाळते, मीही पाळते. बाजारात आंबा चैत्रातच येतो हे खरं, पण आखाजीच्या रसाची चव त्या थांबण्यात आहे असं मला मनापासून वाटतं. पोरांनाही कळतं ते. त्यांना सांगितलं की थांबतात.

---

वाघूर (भुसावळ)

तुमचं म्हणणं मान्य आहे ताई. प्रत्येक घरची रीत वेगळी. आमच्याकडे आजोबा म्हणायचे की लेकरू जेवलं तर पितर आधी जेवले. आम्ही त्यांचं धरून चालतो.

---

खापर (पारोळा)

दोघांचंही साधेल असं सुचवू का? आखाजीच्या सकाळी पोरांना नाश्ता करायला लावू नका, नैवेद्याचंच काम द्या. खाणं त्यांना साधं द्या: दूध-पोहे, केळी, डांगराच्या (खरबुजाच्या) फोडी. पण कामं मोठी द्या.

रसाचे आंबे थंड पाण्यात घालून ठेवायचे. पोरांना अंगणात किंवा न्हाणीत बसवायचं, कपडे खराब होणारच. एकेक आंबा दोन्ही तळव्यांत धरून सगळीकडून हलके दाबत मऊ करायचा, साल फुटू द्यायची नाही. आतला गर सुटला की देठाजवळचा थेंबभर चीक पिळून टाकायचा आणि मग पातेल्यात पिळायचा. शेवटी कोय आणि साल वाटीभर पाण्यात धुऊन घ्यायची. सहा पोरांना हे तासभर पुरतं.

सांजोऱ्या असतील तर कातण फिरवायचं काम सात-आठ वर्षांच्या पोरीला किंवा पोराला द्या. सारण तुम्ही भरा, काठ तुम्ही दाबा, नागमोडी कड त्यांनी कापायची. घागर मांडताना वर डांगर, आंबे, सांजोऱ्या ठेवायच्या असतात, त्यातली एक सांजोरी पोरांनी कातलेली असू द्या. पणजोबांना आपण केलेली सांजोरी ठेवली, हे पोरं पुढची कितीतरी वर्षं सांगत राहतात.

खापराच्या पोळीच्या वाटेला मात्र पोरांना नेऊ नका. ती हातावर फिरवून मोठी करायची आणि तापल्या खापरावर टाकायची, हे जाणत्या बाईचं काम. त्यांना चार हात लांब पाट देऊन बसवा आणि बघू द्या. ज्यांनी लहानपणी बसून पाहिली त्यांनाच पुढं ती पोळी यायला लागते. आमच्या गल्लीत खापर मांडणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

---

तापीकाठ (जळगाव)

खापर ताई, हे फार आवडलं. आमच्याकडेही घागर झाल्यावरच आंबा, त्यामुळे तुमचीच पद्धत धरते. दाखवून झालं की पोरांच्या पंगतीला पहिला रस.

---

बडजी (यावल)

भरताचं कोणीच बोललं नाही! पोरांना घेऊन करायचा आपला खरा सणाचा नाश्ता म्हणजे शेतातलं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. हिरवी-पांढरी मोठी वांगी, कपाशीच्या वाळल्या काट्यांवर भाजलेली. साल सोलायला पोरं बसवायची आणि बडजीत (लाकडी भांड्यात) घोटायलाही.

---

केळीचा घड (रावेर)

बडजी भो, वैशाखात काट्यांवर वांगी भाजणार का? ते दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत. बामणोदची वांगी थंडीतच खावीत.

---

बडजी (यावल)

बरोबर आहे, उन्हाळ्यात नको. पण दिवाळीच्या सुट्टीसाठी धाग्यात असू द्या. फराळाचं गोड खाऊन पोरं कंटाळतात, तेव्हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे करा. कळण्याच्या पिठाला ज्वारी तीन भाग, अख्खे उडीद एक भाग, मीठ घालून दळलेलं. पुरी थापून करायची, लाटायची नाही, त्यामुळे पोरांना जमते. भाजलेली वांगी पूर्ण गार झाल्याशिवाय सोलायला देऊ नका. वरून गार लागतं, देठाशी आत वाफ कोंडलेली असते.

---

गोमाईकाठ (शहादा)

तीन वर्षांच्या पोराच्या कामांबद्दल: कोथिंबीर खुडणं, कढीपत्त्याची पानं काढणं, भिजवलेल्या लसणाच्या पाकळ्यांची सालं काढणं. पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवल्या की साल नुसत्या चिमटीनं निघते. शेंगा फोडायलाही आवडतं, पण त्या वयात अख्खे शेंगदाणे तोंडात जाऊ देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना कूटच द्यावा. पोह्यांतले दाणेसुद्धा त्यांच्या बशीतून वेचून काढा. सहा पोरांच्या गडबडीत हे हमखास नजरेतून सुटतं, म्हणून एका मोठ्या माणसाकडे तेवढंच लक्ष सोपवा.

---

खापर (पारोळा)

अगदी खरं. आणि सुरीऐवजी आधी किसणी, मग विळी-सुरी असंही करू नका. किसणीनं बोटं जास्त सोलतात. केळं, उकडलेला बटाटा, डांगराचा मऊ गर असं काहीतरी बिनधारेच्या सुरीनं कापायला द्या.

---

पांझराकाठ (धुळे)

अजून एक. भुलाबाईत खाऊ ओळखायचा खेळ असतो ना, तो मी नाश्त्याला लावला आहे. भुलाबाई भाद्रपदातल्या पौर्णिमेला बसते, पण खेळाला कसला मुहूर्त? तीन पोरांनी करायचं, तीन पोरांनी ओळखायचं. झाकलेला डबा कानाशी हलवून बघायचा, वास घ्यायचा, "गोड की तिखट?", "वाजतं की नाही?" असे प्रश्न विचारायचे. दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. यामुळे दोन फायदे होतात. स्वयंपाकघरात एका वेळी सहाऐवजी तीनच पोरं असतात, आणि ओळखायला बसलेली पोरं उठल्या उठल्या "भूक लागली" म्हणत नाहीत.

---

तापीकाठ (जळगाव)

दादा, ही युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे, कारण आमचं स्वयंपाकघर लहान आहे. बिबड्यांच्या दिवशी मात्र सगळ्यांना गच्चीवर एकत्र नेईन.

एक शंका राहिली. सहा पोरं वळायला बसली की बट्ट्या हमखास जास्त होणार. उरलेल्या वाफवलेल्या बट्ट्यांचं दुसऱ्या सकाळी काय करता? पुन्हा तळायच्या नाहीत.

---

बोरीकाठची लेक (माहेर अमळनेर)

फोडणीची बट्टी करा. न तळलेल्या बट्ट्या हातानं कुस्करायच्या, मिक्सरला लावल्या तर पीठ होतं. तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, कांदा, हिरवी मिरची, हळद. कुस्करा टाकून चांगला परतायचा, पाण्याचा हबका मारून झाकण, दोन वाफा. वरून लिंबू, कोथिंबीर आणि मूठभर तिखट शेव. कुस्करण्याचं काम मधल्या दोघांना द्या, शेव पेरण्याचं धाकट्याला. शेव पोरांसमोर आधी उघडू नका, फोडणी होईपर्यंत पुडा रिकामा होतो.